मामांनी मुलीला घेऊन यावे

लग्नात भटजी स्पीकरवरून पुकारा करतात, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावे." पोलीस खात्यातून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याला आता काही वर्षं झाली, पण कुठल्याही मांडवात हे शब्द कानावर पडले की मी खुर्चीतून अर्धा उठतो. शेजारचे विचारतात, "काय झालं साहेब?" काय सांगणार? मला ती आंबी ते लोणावळा पळवलेली जीप आठवते. आणि जीप पळवायची वेळ माझ्यामुळेच आली होती, तेही आठवतं.

तेव्हा मी मावळातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. आमच्याकडच्या एक महिला हवालदार हायस्कुलांमध्ये जाऊन मुलींशी बोलायच्या. याच भागातल्या, वयाने मोठ्या, बोलायला मोकळ्या. सगळं ठाणं त्यांना मावशी म्हणायचं. टाकव्याच्या पुढच्या एका गावातल्या शाळेत त्यांचं बोलणं संपलं, तशी दहावीतली एक मुलगी नळापर्यंत त्यांच्या मागे आली.

"मावशी, माजं लगीन ठरवलंय. मला दहावी द्यायचीय. पण मी सांगितलं हे घरी कळू देऊ नका."

"न्हाई कळणार," मावशींनी शब्द दिला.

शाळेच्या दाखल्यावरून वय पाहिलं. मुलगी पंधरा वर्षांची. गावात बालविवाह रोखण्याचा अधिकार ग्रामसेवकाला असतो, म्हणून त्यांना आणि अंगणवाडी सेविकेला बरोबर घेऊन आम्ही मुलीच्या घरी गेलो. वडील शेतकरी, बोलायला नम्र. बसायला सतरंजी टाकली.

"लगीन कुटं, सायेब? पावणं नुसतं बघून गेल्यात."

मी कायदा समजावला. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं हमीपत्र घेतलं. त्यांनी मुकाट्याने सही केली. सगळं नियमानुसार झालं. आम्ही उठलो आणि इतका वेळ नम्रपणे बोलणारा तो माणूस एकदम पेटला.

"ही आग कुणाची, मला ठावं हाय! बांधावरनं भांडण हाय ना, त्या चुलत्याचंच काम. आज दावतोच त्याला!" कोपऱ्यातली काठी घेऊन तो निघालासुद्धा.

मावळात जमिनींना भाव आल्यापासून भावकीची भांडणं हे आमचं रोजचं काम होतं. सकाळची बाचाबाची, दुपारी फुटलेली डोकी, संध्याकाळी दोन्ही पार्ट्या ठाण्यात. माझ्या डोक्यात एकच आलं, आधी हे थांबवायचं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "भावकीला दोष देऊ नका. बातमी तुमच्याच घरातून आलीय."

तो थांबला. काठी खाली ठेवली. मला बरं वाटलं, एक मारामारी टळली. आतल्या दारात ती मुलगी रिकाम्या कपबशा गोळा करायला उभी होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी मोठ्या समाधानाने बूट चढवत होतो.

गाडीने टाकवे मागे टाकलं. मावशी म्हणाल्या, "सायेब, त्या घरात शाळंत जाणारं एकच माणूस हाय."

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही. वडील म्हणत होते, ताप आलाय. अंगणवाडी सेविकेला मी घरावर लक्ष ठेवायला सांगितलं. बीट हवालदाराची फेरी वाढवली. आणि तरी त्या आठवड्याच्या शेवटी, मी ठाण्यात हजेरी घेत असताना सेविकेचा फोन आला.

"सायेब, घराला कुलूप हाय! जनावरांपुढं दोन दिसाचा चारा टाकलाय आन् घरातलं एक मानूस न्हाई. पोरीला घिऊन सगळी गेली वो!"

स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही निघालो. पण जायचं कुठे? नवरदेवाचं गाव कळलेलं होतं, तिकडे दुसरी गाडी पाठवली. तिथून निरोप आला की तिथेही घर बंद. शेजाऱ्यांना एवढंच माहीत होतं की लोणावळ्याला एक बंगला घेतलाय, कुणाचा तरी वाढदिवस आहे. लोणावळ्यात भाड्याने मिळणारे बंगले किती! रोज कुठे ना कुठे पार्टी, प्रत्येक गेटवर फुगे. गाणी कसली वाजतात हे कोण विचारतो? तिथल्या ठाण्याला आम्ही कळवलं, त्यांनीही माणसं फिरवायला सुरुवात केली. पण मुहूर्त दुपारचा असेल तर तोवर अक्षता पडून जेवणंही उठली असती.

मी अक्षरशः हातावर मूठ आपटत होतो. मावशी मात्र शांत होत्या. त्या दिवशी त्या साडीत होत्या.

"सायेब, बंगला शोधू नका. मामा शोधा."

"कुठला मामा?"

"पोरीचा! मांडव बदलला, गाव बदललं, समदं बदललं. पण मामाशिवाय पोरगी बोहल्यावर चढंल व्हय? आपल्याकडं कुणाची टाप हाय?"

अंगणवाडी सेविकेला विचारलं. सख्खा मामा एकच, आंबीला कंपनीत कामाला. जीप आंबीकडे सुटली. आम्ही गेटवर पोचलो तेव्हा एक माणूस हाफ डे टाकून मोटारसायकलला किक मारत होता. हँडलला कापडी पिशवी. वॉचमनने त्याच्याकडेच बोट दाखवलं.

"काय हो मामा, कुठे निघालात?"

"लोणावळ्याला, सायेब. भाचीचा बड्डे हाय."

मावशींनी पिशवीत हात घातला. आत गुलाबी फेटा होता. "बड्डेला फेटा बांधून केक कापणार का, दादा?"

मोटारसायकल गेटवरच ठेवून त्याला जीपमध्ये घेतलं आणि चालकाला सांगितलं, लोणावळा गाठ. चौकशी चालत्या गाडीतच झाली. आवाज चढवला की माणूस मिटतो, हे मला नोकरीने शिकवलं होतं, पण त्या दिवशी मीच ओरडत होतो. तो खाली मान घालून, "बंगला ठावं न्हाई," एवढंच म्हणत होता. शेवटी मावशींनी मला हाताने गप्प केलं.

"दादा, पोरीनं तुमाला काय सांगितलं न्हवतं?"

त्याने मान वर केली. मग म्हणाला, "फोन केलता तिनं. रडत हुती. मी म्हनलं, बापाच्या म्होरं मी काय बोलू?" आणि थोड्या वेळाने, "बंगला खरंच ठावं न्हाई, सायेब. लोणावळ्यात पोचलो की फोन करायचा, मग सांगनार हायत."

तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी स्पीकर लावायला सांगितला.

"आवं पावणं, कुटं हाय तुमी?" मुलीचे वडील. "भटजी घाई करत्यात. तुमचा चुलतभाऊ हाय हितं, त्यालाच उभा करतो."

हा माणूस एका शब्दात आम्हाला उघडं पाडू शकत होता. त्याने घसा खाकरला.

"दाजी, सख्खा मामा जित्ता असताना चुलतमामा? मग मला कशाला बोलावलं, पंगतीत वाढाया? मी आल्याबिगर पोरगी उठली तर बघा, पुन्यांदा तुमच्या दारात पाय ठेवनार न्हाई!"

पलीकडून गडबडीने समजूत घातली गेली. "बरं बरं, रागावू नका. थांबतो. तुंगार्लीच्या अंगाला या, गेटवर पोरगं उभं करतो."

मावशींनी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पुढे झुकला. कार्ला फाटा मागे गेला, वलवण आलं. लोणावळ्याच्या ठाण्याला पत्ता दिला. बाजारपेठेत चिक्की घेणाऱ्यांच्या गाड्या रस्ताभर लावलेल्या. आम्ही सायरन बंद ठेवून हॉर्न वाजवत त्यातून वाट काढली.

बंगल्याबाहेर वळणावर जीप थांबवली. गणवेश दिसला असता तर गडबडीत चार अक्षता टाकून मोकळे झाले असते, किंवा मुलीला मागच्या दाराने काढलं असतं. आधी मुलगी सुखरूप हातात हवी होती. मामाने फेटा बांधला. मावशी डोक्यावरचा पदर पुढे ओढून नातेवाईक असल्यासारख्या त्याच्याबरोबर आत गेल्या; गेटवरचं पोरगं "मामा आलं" म्हणत पुढे पळालं. आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो. आत स्पीकरवर पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे."

गेटच्या फटीतून मला दिसलं. मुंडावळ्या बांधलेली ती मुलगी, तिचा हात धरलेला मामा, मागे मावशी. दोघांनी अंतरपाट ताणून धरलेला. मामा बोहल्याजवळ आला आणि थांबलाच नाही. सरळ गेटाकडे चालत राहिला.

"आवं, हिकडं! बोहलं हिकडं हाय!" वडील ओरडले.

"दिसतंय मला, दाजी," मामा म्हणाला आणि मुलीला घेऊन गेटबाहेर आला.

आम्ही आत शिरलो. पुढचा गोंधळ, जबाब, पंचनामा, दाखल झालेला गुन्हा, हे सगळं रीतसर झालं. मुलीला बालकल्याण समितीसमोर हजर केलं. समितीने चौकशी करून तिला मामाच्या घरी ठेवलं आणि तिथूनच तिने दहावीची परीक्षा दिली.

पण जीपमध्ये ती माझ्यासमोर बसली होती तेव्हाचं सांगायचं राहिलं. मी म्हणालो, "बाळ, आता घाबरू नकोस." तिने मुंडावळ्या सोडून मांडीवर ठेवल्या.

"मी सांगितलं हे आप्पांना कुनी सांगितलं?"

मावशी खिडकीबाहेर बघू लागल्या. मी म्हणालो, "मी."

ती रागावली नाही. नुसतं विचारलं, "मग आता पोरींनी सांगायचं कुनाला?"

शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत, ठाणं ही सगळी यंत्रणा एका मुलीच्या विश्वासावर उभी असते, आणि तो मी एक भांडण मिटवायला खर्च करून टाकला होता. मामाला आपला मान आठवला नसता, तर माझ्या हमीपत्राची किंमत शून्य होती. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. आता नव्या उपनिरीक्षकांसमोर बोलायला बोलावतात, तेव्हा मी आधी हेच सांगतो.

पुढच्या वर्षी मावशींबरोबर मी त्याच शाळेत गेलो. बोलणं संपलं, तरी एकही मुलगी बाकावरून हलली नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मग माझ्या लक्षात आलं. मी बाहेर येऊन मैदानाच्या टोकाला, जीपजवळ पाठ करून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने मावशी आल्या, गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "चला सायेब, काम हाय."

कुणी सांगितलं, हे मी विचारलं नाही.