वहिनींना जमेल असा टीव्ही

टीव्हीवाले अण्णा माझ्याकडे पहिल्यांदा आले ते पाहुण्यांच्या वैतागापायी. माझे दोन फ्लॅट आहेत. दोन-चार दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्यांना मी ते राहायला देते. चादरी, टॉवेल, चहा-साखर, सगळं जागच्या जागी असायचं. पण टीव्हीपाशी आलं की गाडं अडायचं. माझ्या नवऱ्याची हौस दांडगी. भला मोठा टीव्ही, त्याखाली लांबलचक स्पीकर, कोपऱ्यात धडधडणारा आणखी एक, केबलचा डबा वेगळा, इंटरनेटचा वेगळा, आणि टीपॉयवर ऑपरेशनची हत्यारं मांडावीत तसे चार रिमोट. पाहुणे सामान टेकवायचे, रिमोट उचलायचे आणि मला फोन लावायचे. "ताई, पडदा निळा झालाय." "ताई, चित्र आहे पण आवाज नाही." एकाने तर एसीच्या रिमोटने टीव्ही लावायचा प्रयत्न केला आणि घरभर थंडी करून ठेवली.

कुणीतरी अण्णांचं नाव सुचवलं. पूर्वी त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, पाठीला कुबड असलेल्या जुन्या टीव्हींचं. दुकानाच्या पुढच्या भागात त्यांची बायको शिलाई मशीन घेऊन बसायची. भिंतीवर टांगायचे टीव्ही आले, बिघडला की फेकून नवा आणायची सवय लोकांना लागली आणि दुकानात फक्त माशा यायला लागल्या. दुकान मिटलं. मग अण्णांनी हे काम धरलं, पाहुण्यांच्या घरातले टीव्ही सोपे करून द्यायचं.

पहिल्या दिवशी ते बायकोला घेऊनच आले. बुटकी, हसरी बाई, अंगात राखाडी स्वेटर, मांडीवर पर्स. अण्णांनी माझे चारही रिमोट उचलून पिशवीत टाकले आणि माझ्या नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

"अहो, पण आवाजाची मजा जाईल!" तो म्हणाला.

"साहेब, मजा तुमच्या घरी करा," अण्णा म्हणाले. "इथे येणारा माणूस दमून आलेला असतो. परक्या घरात त्याला दिव्याची बटणं सापडत नाहीत, गरम पाण्याचा नळ कुठला ते कळत नाही. निदान टीव्ही तरी त्याच्याशी नीट वागू दे."

त्यांनी सगळे डबे टीव्हीमागे दडवले. एकच रिमोट ठेवला. टीव्ही लावला की स्पीकर आपोआप सुरू होईल असं केलं. आवाज एका मर्यादेपुढे जाणारच नाही अशी सोय केली, शेजाऱ्यांचीही झोप वाचली. आधीचे पाहुणे टीव्हीवर आपली खाती तशीच उघडी टाकून गेले होते, ती पुसली. मग स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून उभे राहिले आणि ओरडले, "अगं, बस आता! मला काही विचारायचं नाही हं!"

वहिनी सोफ्यावर बसल्या, रिमोट घेतला, चष्मा वर केला, एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. पडद्यावर कुठल्याशा जंगलातलं हरीण आलं.

"अहो, लागला!"

"झालं काम," अण्णा मला म्हणाले. "हिला जमलं म्हणजे कुणालाही जमेल."

"ऐकलंत?" वहिनी हसल्या. "एवढी वर्षं याच कौतुकावर संसार केलाय मी."

नाही जमलं तर त्या अण्णांची खरडपट्टी काढायच्या. "तुमचं डोकं चालतं म्हणून सगळ्यांचं त्याच वाटेने चालतं का?" अण्णा मुकाट्याने पुन्हा टीव्हीमागे शिरायचे. तेवढ्यात वहिनी माझ्या पडद्यांची उसवलेली किनार शिवून द्यायच्या. हळूहळू आसपासची अशी सगळी घरं त्यांच्याकडे आली. एक पाहुणे गेले की दुसरे यायच्या आत दोघं जायची, काम उरकायची, रिकाम्या फ्लॅटमध्ये डब्यातला चहा प्यायची आणि कप धुऊन निघायची. माझ्या मनात यायचं, पाहुण्यांपेक्षा ही दोघंच या घरांत सुखाने बसतात.

पुढे कधीतरी एका पाहुण्याचा फोन आला. आवाज कमी करायचं बटणच सापडत नव्हतं. मी जाऊन पाहिलं, तर रिमोटवर काळी चिकटपट्टी लावून निम्मी बटणं झाकलेली. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "हिचा गोंधळ होत होता, म्हणून. बटणं फार जवळजवळ असतात हो हल्ली." मला ते पटलं. पण मग दुसऱ्या घरमालकिणीकडूनही तेच ऐकलं. तिच्याकडे तर चॅनेल बदलायची सोयच उरली नव्हती. पाहुणा दोन दिवस बातम्या बघून कंटाळून गेला होता.

मी ठरवलं, अण्णा पुढच्या वेळी येतील तेव्हा आपण तिथे असायचं.

मी फ्लॅटवर गेले तेव्हा दार उघडंच होतं. वहिनी सोफ्यावर बसल्या होत्या. स्वेटरची बटणं चुकीची लागली होती, एक बाजू वर, एक खाली. अण्णा त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसले होते. हातातल्या रिमोटवर फक्त एक बटण उघडं होतं, बाकी सगळं काळं.

"हे बघ," ते अगदी हळू म्हणत होते, "एकच ठेवलंय. एकच. दाब बघू."

वहिनींनी रिमोट हातात घेतला, स्वेटरच्या बाहीने पुसला, उलटासुलटा केला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कुणाचं आहे?"

अण्णांनी रिमोट काढून घेतला आणि खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढून तो उघडायला लागले. मी आलेलं त्यांनी पाहिलं, पण हात थांबले नाहीत. "अजून सोपं करता येईल," ते म्हणाले. "बटणच नको. रिमोटच नको. खोलीत माणूस आला की आपोआप लागेल असं काहीतरी करतो."

"अण्णा," मी म्हणाले, "रिमोट ठीक आहे."

"नाही, नाही. अवघड आहे. तुम्हाला कळणार नाही, सवयीच्या माणसाला कळत नाही."

"रिमोटला काही झालेलं नाही, अण्णा."

त्यांचा हात थांबला. एक बारीक स्क्रू घरंगळत सोफ्याखाली गेला. अण्णा तो शोधायला वाकले नाहीत, तिथेच जमिनीवर बसले. वहिनींनी वाकून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "दमलेत बिचारे. यांना पाणी द्या."

मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी जे सांगितलं ते अण्णांना आधीच माहीत होतं, फक्त ते चिकटपट्टीने झाकत होते, एकेक बटण करून. मुलगी लांबच्या शहरात. ती आली, रडली, आईवडिलांना घेऊन जाते म्हणाली. अण्णा नको म्हणाले. नवीन घरात हिला काहीच सापडणार नाही, इथे निदान हात आपोआप वळतात. मुलगी एकटीच परत गेली.

कामं त्यांनी सोडली. मी अधूनमधून जायची. अण्णांनी आता स्वतःचंच घर सोपं करायला घेतलं होतं. आतल्या कड्या काढल्या. गॅसच्या शेगडीची बटणं काढून कपाटात ठेवली. न्हाणीघराचं दार काढून पडदा लावला आणि तिथला दिवा कायम चालू ठेवला. आरशातल्या बाईला बघून वहिनी घाबरायच्या, म्हणून आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला. स्वेटरला बटणांऐवजी चेन बसवली, ती अण्णांनी स्वतः शिवली होती. वेडीवाकडी.

टीव्ही शेवटी गेला. बातम्या देणाऱ्या बाईला वहिनी आधी चहा विचारायच्या, मग ती उत्तर देत नाही म्हणून हिरमुसायच्या, पुढे पुढे तर घरात परकी माणसं शिरली म्हणून थरथरायच्या. अण्णांनी नुसतं चित्र ठेवलं, आवाज बंद केला. तरी त्या घाबरत. एक दिवस अण्णांनी प्लग काढला आणि टीव्हीवर चादर टाकली. ज्या माणसाचं सगळं आयुष्य टीव्ही लावून देण्यात गेलं, त्याच्या घरात आता तो लागत नव्हता.

एका संध्याकाळी मी तिथे होते. अण्णांनी वहिनींना मऊ भात भरवला, तोंड पुसलं. वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या, फार आपुलकीने, पण 'अहो' म्हणून हाक मारण्याची आपुलकी ती नव्हती. त्या म्हणाल्या, "टीव्हीवाले, किती काम कराल? तुमची बायको घरी वाट बघत असेल. जा आता."

अण्णांनी ताटली खाली ठेवली.

"जातो," ते म्हणाले. "तुम्ही घाबरणार नाही ना?"

"छे! आमचे हे येतीलच एवढ्यात."

अण्णा खरोखर चपला घालून बाहेर गेले. जिन्यात भिंतीला टेकून उभे राहिले. मी मागोमाग गेले. "रागावत नाही मी," ते म्हणाले. "वाट माझीच बघतेय ना." मग रुमालाने डोळे पुसले, केसांवरून हात फिरवला आणि कामावरून घरी आल्यासारखी बेल वाजवली. आतून वहिनींचा आवाज आला, "आले वाटतं!" पण ते आत गेले तेव्हा वहिनींनी नुसतं पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

थंडी संपता संपता वहिनी गेल्या. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, असं सगळे म्हणाले. अण्णांना मात्र त्याचंही वाईट वाटलं. मी बाजूलाच होतो, म्हणाले, आणि मला कळलं नाही.

आता ते मुलीकडे असतात. माझ्या फ्लॅटचं काम एक दुसरा माणूस बघतो. काम ठीक करतो, पाहुण्यांचे फोन येत नाहीत. मध्यंतरी अण्णांनाच मी फोन केला. म्हणाले, बरं चाललंय, जावई चांगला आहे, गुडघा दुखतो. जावयाने नवा टीव्ही आणलाय म्हणे, त्याला रिमोटच नाही, हाक मारली की लागतो. मी म्हटलं, "मग तर सोय झाली तुमची."

"कसली सोय," अण्णा म्हणाले. "मी लावतच नाही तो. घरात कुणाला हाक मारायची म्हटली की तोंडातून एकच शब्द येतो हो, आणि तो त्या टीव्हीला कळत नाही."

त्यांनी माझ्या नवऱ्याची चौकशी केली, मग हवापाण्याचं थोडं बोललो. पलीकडून मुलीने त्यांना जेवायला हाक मारली. "पानं वाढलीत, ठेवतो," म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.