कोराडीच्या टेकडीवरची शर्यत

आज मुलीच्या सायकलच्या साखळीला तेल लावलं, आणि त्या वासाने मी थेट कोराडीपलीकडच्या टेकडीवर जाऊन पोहोचले.

हंगामातली पहिलीच डोंगरी सायकल शर्यत होती. कॉलेजातली माझी मैत्रीण वैशाली आणि मी, आम्ही सहा महिने रोज पहाटे सोबत सराव केला होता. शेवटच्या चढावर आम्ही दोघीच पुढे होतो. चाकाखाली लाल मुरूम घसरत होता, घशात धूळ होती. तेवढ्यात तिचं मागचं चाक पंक्चर झालं. मी ब्रेक दाबला.

"थांबून काहून राहिली वं? जाय ना तू!" ती ओरडली.

मी गेले आणि पहिली आले. गळ्यात पदक पडलं, फोटो निघाले. बऱ्याच वेळाने वैशाली सायकल खांद्यावर घेऊन धावत आली. धुळीने माखलेल्या हातांनी मला मिठी मारत म्हणाली, "आपण जिंकलो वं!"

आपण कुठे, मी जिंकले, असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं.

पुढच्याच महिन्यात तिच्या वडिलांची बदली झाली. नंतर मी आणखी शर्यती जिंकल्या, पण दर वेळी पदक घेतल्यावर कितीतरी वेळ मागच्या रस्त्याकडे बघत उभी राहायचे.