चुलीमागे एक पान

माझी बायको तान्हू घरात मटण आलं की आधी ते परातीत पसरायची. मीठ नाही, हळद नाही, नुसतं पसरून बघत बसायची. मग एकेक तुकडा उचलून बाजूला करायची. नळ्या एकीकडे, मान एकीकडे, बरगड्या, मांडी, कलेजी, वजडी, सगळ्यांची जागा वेगळी. कोणी घाई केली की म्हणायची, "सगळ्यांना एकदम पाण्यात ढकलायला त्या काय म्हशी हायत?"

गेल्या भातकापणीनंतर ती गेली. ताप आला, महाडला नेली, तिथून जिवंत परत आली नाही. भेटायला येणारे म्हणतात, तात्या, भाग्यवान बाई, भरल्या कपाळानं गेली. हे ऐकलं की त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. कपाळ भरलेलं गेलं, ठीक. घर रिकामं झालं त्याचं काय, ते कोणी बोलत नाही.

तिचं माहेर दासगावचं, खाडीकाठचं. मासळीवर वाढलेली. आमच्या पोलादपूरच्या डोंगरात आली तेव्हा बोकडाचं तिला काही ठाऊक नव्हतं. माझ्या आईनं पहिल्याच वर्षी सगळ्यांदेखत सुनावलं, की मासे खाणारीला मटण काय जमायचं.  तान्हू नंतर मला म्हणाली, "मासळीचं डोकं वेगळं शिजतं, शेपूट वेगळी. बोकड येवढा मोठा जनावर, तो एका दमात कसा शिजंल?"

तिथून ती शिकायला लागली. नळ्या आणि मान सगळ्यात आधी, नुसत्या मिठाच्या पाण्यात. मग बरगड्या. त्यांची चरबी वर आली की मांडी. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण त्याच्याही नंतर. कलेजी अगदी शेवटी, भाकऱ्या झाल्यावर, त्याच तव्यावर, आणि मीठ उतरवताना. वजडी, म्हणजे बोकडाच्या पोटाची पिशवी, चुना लावून गरम पाण्यात घासायची, काळं निघून पांढरी होईपर्यंत. दुसऱ्या वर्षी माझी आई नळी चोखत गप्प बसायला लागली. आईला गप्प बसवणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

मुंबईच्या मुलानं एकदा कुकर आणला. म्हणे आईला त्रास नको. तान्हूनं त्यात एकदाच मटण लावलं. झाकण काढलं तर कलेजीचा खडा आणि मांडीचा चोथा. मुलाला म्हणाली, "ह्या शिट्टीला काय कळतंय, आत कोण कोण हाय ते?" त्या दिवसापासून कुकरात वाल शिजतात. मुलगा आता येतो तो महाडहून बोनलेस घेऊन येतो. मी त्याला विचारलं, हाडाशिवाय तो बोकड उभा कसा राहत होता? तो हसला. मी हसण्यासाठी विचारलं नव्हतं.

आमच्या वाडीत अधूनमधून सगळे मिळून बोकड घेतात. माझा चुलतभाऊ दगडू तो कापतो आणि वाटे घालतो. सागाची पानं ओळीनं मांडायची, चुलीमागे एक पान, म्हणजे घरटी एक, आणि प्रत्येक पानावर सगळ्यातलं थोडं थोडं. पण कलेजी मात्र दगडूच्याच पानावर जायची, कापणाऱ्याचा मान म्हणून. बाप्ये बघायचे आणि पिशव्या उचलून घरी जायचे. मीही त्यातलाच.

वाटे घालतात तिथं बायका येत नाहीत. एकदा तान्हू आली. हातात कोयता होता, गवताला निघाली होती. पानांच्या ओळीवरून चालत गेली आणि दगडूसमोर उभी राहिली.

"भावजी, बोकडाला कलेजी एक हाय म्हणून ती एकाच घरात जायाची काय? मग मुंडी पण तुमीच न्या. शेपटी पण न्या."

दगडू म्हणाला, "वहिनी, येवढ्या जणांत नखायेवढी येईल एकेकाला."

"येऊ दे. नखायेवढी खाऊ."

दगडूनं सुरी घेतली आणि कलेजीचे पानांइतके तुकडे केले. तान्हू शेवटचा तुकडा पडेपर्यंत हलली नाही. मग गवताला गेली. वाडीतल्या बायका तिला खादाड म्हणाल्या. त्याच बायका पुढे तिच्याकडे वजडी कशी घासायची ते विचारायला आल्या. तिनं सगळ्यांना सांगितलं. मला तो राग अजून आहे, तिला नव्हता.

ती गेल्यावर वाडीत पहिला बोकड पडला तेव्हा मी पिशवी घेऊन गेलो. पानं मांडून झाली होती. मी माझं पान शोधलं. नव्हतं. दगडूला विचारलं, तर तो सुरी पुसत म्हणाला, "तात्या, तुझी चूल थंड झाली आता. महादूकडनं डबा येईल की तुला." महादू माझा पुतण्या. त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. मला कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी म्हणालो, "चूल माझ्या घरात हाय. तान्हू ती संगती घेऊन गेली नाय."

"शिजवणार कोण?"

"मी."

दोघं-चौघं हसले. दगडूला वाईट वाटलं असावं. त्यानं आपल्या पानावरचे मांडीचे मऊ तुकडे उचलून माझ्यापुढे धरले, हे लवकर शिजतं म्हणून. मी ते परत त्याच्या पानावर टाकले. सांगितलं, भीक नको, सगळ्यातलं दे. सगळी पानं मोडावी लागतील, तो म्हणाला. मी तिथंच जमिनीवर बसलो. मोडली त्यांनी. पुटपुटत पुटपुटत पुन्हा मांडली, एक पान जास्त घालून.

घरी आणून परातीत पसरलं. तुकडे ओळखले, जन्मभर बघत आलो होतो. पण हातांना काही ठाऊक नव्हतं. नळ्यांना पाणी किती, विस्तव मागे कधी ओढायचा, काही नाही. चुन्यानं बोटं सोलली तरी वजडीचं काळं निघेना. तेव्हा मी तान्हूला शिव्या घातल्या, मोठ्यानं. साऱ्या वाडीला शिकवलंस आणि मला चुलीपासून हाकललंस, बाप्यांची लुडबुड नको म्हणून. आता बस बघत. तोंडात आलं ते सगळं बोललो. फुंकणी तोंडाला लावायचो तेवढाच गप्प.

महादूची बायको डबा घेऊन आली ती दारातच थांबली. नाकाला पदर लावला.

"तात्या, वजडीला वास येतोय. खाऊ नका ती."

"येऊ दे," मी म्हणालो. "माझ्या चुलीवरची हाय."

ती डबा ठेवायला वाकली. मी ठेवू दिला नाही. ती गेल्यावर ताट वाढून घेतलं. मान अजून शिजली नव्हती. चावत बसलो.