जयराज सरांच्या दारातली हलगी

अल्लाबक्ष मणेर वारल्यावर म्हसवडमध्ये जो तो यल्लाप्पाला म्हणायचा, "तुमी शेजारी. तुमाला तर भाईंचं सगळं ठाऊक असंल." यल्लाप्पा मान हलवून घोंगड्यांच्या घड्या घालत बसायचा. खरं तर त्याला फार थोडं ठाऊक होतं. दोघांच्या दुकानांत एकच भिंत. इकडे घोंगडी, तिकडे बांगड्या. चहा एका किटलीतला. पण त्या माणसाच्या पोटात काय जळत होतं, ते यल्लाप्पाला कळलं एकाच दिवशी, तेही रोहन विरकरला बक्षीस मिळालं म्हणून.

रोहन इथलाच, आमच्या दुष्काळी माण तालुक्यातला. मालिकांमध्ये हवालदार, ड्रायव्हर, सरपंचाचा चमचा असली कामं करायचा. त्यानं एका जुन्या पौराणिक नाटकात राजाचं काम केलं आणि मुंबईत त्याला उत्कृष्ट नटाचं मोठं बक्षीस मिळालं. बातमी आली तशी पोरांनी चौकात फ्लेक्स उभा केला, हलगी बोलावली, मुकुटातल्या रोहनला दुधानं आंघोळ घातली. त्या पोरांत सगळ्यांत जास्त नाचला तो म्हातारा अल्लाबक्ष. पांढऱ्या दाढीत गुलाल.

"भाई, कंबर जाईल," यल्लाप्पा म्हणाला.

"जाऊ दे. शाहनवाजला टेम्पो काढाय सांग. मिरवणूक उद्या सांगलीला न्यायची."

शाहनवाज त्याचा पुतण्या. त्याला वाटलं, सांगली म्हणजे नाटकवाल्यांचं गाव, चाचा तिथं नारळ फोडणार असेल. पोरांनाही तसंच वाटलं. सकाळी मागं पोरं आणि हलगी, पुढं शाहनवाजशेजारी दोघं म्हातारे, असा टेम्पो निघाला. अल्लाबक्षच्या मांडीवर पेढ्यांचा खोका होता.

"यल्लाप्पा, निवडणुकीत पडलेल्याच्या दारात आपण काय करतो?"

"हलगी वाजवतो. गुलाल उधळतो."

"तेच करायचं हाय."

"पण हितं पडलंय कोण?"

मग अल्लाबक्ष बोलू लागला. समोरच्या रस्त्यावरची नजर त्यानं काढली नाही. तरुणपणी तो सांगलीत मामाच्या दुकानात बांगड्या विकायचा आणि संध्याकाळी एका हौशी नाट्यमंडळाच्या तालमीला जायचा. जयराज सर तिथं नाटकं बसवायचे. एकदा एका नाटकात राजाचं काम करणारा आजारी पडला, तेव्हा तालमीपुरता अल्लाबक्ष उभा राहिला. सगळं काम त्यानं पाठ केलं. रात्री उशीत तोंड खुपसून घोकायचा. तो नट काही उठला नाही. आता काम आपल्याला मिळणार, अशा आशेनं अल्लाबक्ष नवा सदरा घालून गेला.

"तर सगळ्यांदेखत म्हणाले, सिंहासनावर माणचा माणूस बसला तर लोक बक्षिसाऐवजी चारा पाठवतील. सगळी हसली, यल्लाप्पा. बाया बी हसल्या. मग माझ्या हातात भाला दिला. तीन अंक भाला धरून उभा हुतो. दुसऱ्या दिशी एस.टी. धरली."

"आन् आमाला कधी बोलला न्हाई?"

"काय बोलायचं त्यात?"

सांगलीत बोळाच्या तोंडाशी टेम्पो थांबला. अल्लाबक्ष खाली उतरला आणि जयराज सरांच्या घरासमोर उभा राहून म्हणाला, "वाजीव रं! दार फुटलं पायजे!" हलगी कडाडली, गुलालाचा ढग उठला, "माणचा राजा!" म्हणून पोरं ओरडू लागली. शेजारपाजारची माणसं बाहेर आली. शेवटी दार उघडलं. सुनेचा हात धरून जयराज सर उंबऱ्यात आले. पार वाळलेले, पण चेहरा फुललेला.

"रोहनचे चाहते का? वा, वा! या! अहो, मी पहिल्यापासून सांगत आलोय, त्या माणच्या मातीतच राजे पिकतात."

अल्लाबक्षनं हात वर केला. हलगी थांबली.

"आवं सर, मला वळखलं?"

"रसिक मंडळी तुम्ही. ओळख कशाला लागते?"

"अल्लाबक्ष मणेर. तुमच्या नाटकात भाला धरला हुता."

"धरला असेल. भालदार पुष्कळ झाले हो," सर हसत म्हणाले आणि गुलालासाठी त्यांनी कपाळ पुढं केलं.

अल्लाबक्षनं गुलाल लावला नाही. त्यानं खोका उघडला. पेढा आधी सुनेला दिला. मग शेजाऱ्यांना, भाजीवालीला, बोळातल्या सगळ्या पोरांना, सायकलवरून चाललेल्या एका अनोळखी माणसाला थांबवून दिला. सर हात पुढं करून उभे होते.

"मी राहिलो की."

"संपलं," अल्लाबक्ष म्हणाला.

खोका उघडाच होता. निम्मे पेढे आत दिसत होते. सरांनी खोक्यात पाहिलं, मग अल्लाबक्षच्या तोंडाकडे. या खेपेला जरा जास्त वेळ पाहिलं. हात हळूहळू खाली आला.

"वाजीव," अल्लाबक्ष म्हणाला. सर आत जाऊन दार लागेपर्यंत त्यानं हलगी थांबू दिली नाही.

परतताना विटा गाव मागं पडलं.

"फिटलं का भाई?" यल्लाप्पानं विचारलं.

"न्हाई. त्याला आठवाय पायजे हुतं. आठवलं असतं तर सगळा खोका तोंडात कोंबला असता."

दिवस मावळायला टेम्पो म्हसवडमध्ये शिरला. पोरं पांगली. दोघं आपापल्या दुकानांच्या पायरीशी उतरले. दुसऱ्या दिवशी अल्लाबक्ष उठलाच नाही. पण त्या संध्याकाळी कुणाला काय माहीत!

"ह्ये पेढं घरी न्या की भाई."

"मला गोड चालत न्हाई. तू ने, नातवंडं खातील."

"बरं."

"आन् सकाळी पाणी मारशील तवा माझ्या बी पायरीवर मार. लय गुलाल सांडलाय."

"मारतो की."