बावीस भिंतींचा गठ्ठा

नाव: वापरात नाही, सगळे 'पंच' म्हणतात. वय: त्रेपन्न. व्यवसाय: लिफ्टदुरुस्ती. मानद हुद्दा: गठ्ठा-वर्गीकरण अधिकारी, पत्त्यांचा हॉल, टायरच्या दुकानावर, दुसरा मजला. ओळखखूण: डाव्या भुवईवर सहा टाके (हरकत क्रमांक तीन). अधिकार: निर्णय अंतिम. आजवर एकही निर्णय बदलल्याची नोंद नाही.

या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी चांगली बाप्ये माणसं चित्रांच्या पत्त्यांनी एकमेकांना ठार मारतात. पत्त्यांवर राक्षस, भालेकरी, विषारी पाऊस असलं काहीबाही छापलेलं असतं. वर्षानुवर्षं जमवलेल्या ढिगातून साठ पत्ते निवडून ज्याने त्याने आपला गठ्ठा बांधायचा. प्रत्येकाला वीस जीव. समोरच्याचे संपले की संपला.

पंचाचं काम त्याच्या आधीचं. स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक गठ्ठा त्याच्या टेबलावर येतो. तो साठही पत्ते उलगडून रांगा लावतो: मारणारे, अडवणारे, उरलेले. मारणारे वीसच्या वर गेले की पाकिटावर लाल पेन्सिलीने 'हल्ला'. अडवणारे वीसच्या वर गेले की 'अडवणूक'. असा गठ्ठा समोरच्याला काही करू देत नाही आणि तो कंटाळून मरायची वाट बघतो. आणि दोन-तीन ठरावीक पत्ते हातात येईपर्यंत मुका बसून राहणारा, आले की एका दमात निकाल लावणारा, तो 'जुळणी'. हल्लेवाले हल्लेवाल्यांशी भिडतात, अडवणूकवाले अडवणूकवाल्यांशी. पूर्वी सगळी सरमिसळ असायची, तेव्हा हरणारे खुर्च्या मोडायचे. वर्गीकरण आल्यापासून खुर्च्या वाचल्या. आता मार पंच खातो.

हरकत क्रमांक एक, कानफटात. दोन, थर्मास. तीन, भुवई. इतर माणसं आपल्या बढत्या सांगतात त्या सुरात तो हे सांगतो.

"लिफ्टखाली सापडला असतात तर चार माणसं हळहळली तरी असती," टाके बघून बायको म्हणाली होती. "चित्रांपायी डोकं फोडून घ्यायचं म्हणजे काय!"

"साधी चित्रं नव्हती. जुळणी होती."

"आणि मी कुठल्या खान्यात?"

"अडवणूक."

"म्हणून तर अजून जिवंत आहात."

त्या रविवारी वेल्डरने गठ्ठा आणून ठेवला. वेल्डरच्या घरचं हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बारा दिवसांपूर्वी त्याची ताई माहेरी परत आली होती. मनगट प्लास्टरमध्ये, डाव्या कानाचा पडदा फाटलेला. तिचा नवरा, दुकानांना काचा बसवणारा काचवाला, हल्ल्याच्या तिसऱ्या टेबलावर बसून पत्ते पिसत होता. दाजींवर हात उचलणार नाही, अशी आईने वेल्डरकडून शपथ घेतली होती. पत्त्यांचं ती काही बोलली नव्हती. बारा दिवस वेल्डरने गठ्ठा बांधला.

पंचाने रांगा लावल्या. अडवणारे पत्ते बावीस, सगळ्या भिंती. दगडी, काटेरी, हाडांच्या.

"काका, हल्ला लिहा."

"बावीस भिंती आहेत."

"पण चालतात त्या! हे चार पत्ते बघा ना. यातला एक उतरला की जी भिंत जितकी जाड, तितका तिचा फटका."

"चार ते. भिंती बावीस. मी मोजून लिहितो, ऐकून नाही."

"मला त्याच्यासमोर बसायचंय, काका. एकदाच. टेबलावर मारतो आणि घरी जातो."

"पुढच्या खेपेला मारणारे पत्ते घालून आण."

"पुढच्या खेपेपर्यंत मला आवरणार नाही हो."

पंचाने 'अडवणूक' लिहिलं आणि पेन्सिल ठेवायला लोखंडी ड्रॉवरमध्ये हात घातला. वेल्डरने ड्रॉवर लाथेने बंद केला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला, दोनदा.

"लिहा."

"अडवणूक," पंच म्हणाला आणि मग ओकला. वेल्डरने आणखी एक लाथ घातली. हरकत क्रमांक चार.

तिसऱ्या टेबलावरून काचवाला हसला. "काय मेव्हणे, भिंतीआड बसवलं का? बसा की! मार खाऊन गप्प बसायची सवयच आहे तुमच्या घरात."

वेल्डरने आपले साठ पत्ते गोळा केले, कडा जुळवल्या, गठ्ठा पंचाच्या टेबलावर नीट ठेवला. मग चालत तिसऱ्या टेबलाशी गेला.

"दाजी, उठा."

दाजी उठले नाहीत. घडीच्या खुर्चीची कड जबड्यावर बसली तेव्हा तीन दात पत्त्यांवर सांडले. खाली पडता पडता काचवाल्याने खिशातलं काच कापायचं हत्यार काढलं आणि वेल्डरचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उघडा केला. वेल्डरने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कामावरच्या पोलादी टोकाच्या बुटांनी तो बरगड्या मोजत राहिला. "उठा ना, दाजी. उठा." चौघांनी मिळून ओढला तेव्हा थांबला. पोलिसांना त्याने शांतपणे सांगितलं, की शपथ मोडलेली नाही, खुर्ची होती आणि बूट होते.

काचवाल्याला स्ट्रेचरवरून जिन्याने उतरवलं. लिफ्ट बंद होती. पंच ती सोमवारी बघणार होता.

चार वाजता बायको न्यायला आली तेव्हा हॉल रिकामा होता. हात टॉवेलात गुंडाळून पंच तिसऱ्या टेबलाशी बसला होता. समोर दोन गठ्ठे. काचवाल्याचे पत्ते त्याने डाव्या हाताने पुसून काढले होते.

"दवाखाना बंद होईल."

"जरा पिस हे."

तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, गठ्ठ्यांकडे पाहिलं आणि बसली. दोन्ही गठ्ठे पिसले. तिने काचवाल्याचे पत्ते धरले, त्याने वेल्डरचे. काय कधी टाकायचं ते तो सांगत गेला. पहिल्या पाळीला भिंत. दुसऱ्या पाळीला भिंत. तिसऱ्या पाळीला दोन भिंती आणि काचवाल्याचे भालेकरी त्यांच्यावर डोकं आपटून मेले. चौथ्या पाळीला त्या चारांतला एक पत्ता उतरला आणि भिंती चालू लागल्या. एकवीसचा फटका.

"मेला?" बायकोने विचारलं.

"परत पिस."

दुसऱ्यांदा पाचव्या पाळीला मेला. तिसऱ्यांदा पुन्हा चौथ्या.

"मग कुठल्या खान्यातला हा?"

पंचाने वेल्डरचं पाकीट ओढलं, दातांत टोपण धरून पेन उघडलं आणि डाव्या हाताने 'अडवणूक' खोडून त्याच्यावर 'हल्ला' लिहिलं. वेल्डरला कोठडीत टाकून तोवर दोन तास झाले होते.