गुड फ्रायडेची कुदळ

ओझेली गिलरी म्हणजे आमच्या लुइझियानातली, भाताच्या खाचरात पाणी सोडून क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव, धरणारी बाई. जिभेने तिखट, हाताने चलाख. नवरा गेल्यावर खाचर आणि पोरगा लेस्टर, दोन्ही तिने एकटीने सांभाळलं. मी तिची शेजारीण. तिच्या पोराचं जे केलं, ते आठवलं की माझं डोकं अजून फिरतं.

गावातलं दुकान लुटलं गेलं आणि त्या लुटीतलं पिस्तूल सापडलं ओझेलीच्या परसात पुरलेलं. समोरच्या डेसमंडने शपथेवर सांगितलं, गुड फ्रायडेच्या दुपारी लेस्टरला तिथे खणताना पाहिलं. या डेसमंडवरच चोरीचा खटला होता, तो साक्षीनंतर गुपचूप मागे घेतला गेला.

आमच्याकडे त्या दिवशी जमिनीत कुदळ घालत नाहीत. माती रक्ताळते म्हणतात. गळाला लावायला गांडूळसुद्धा कुणी उकरत नाही. ओझेलीने कोर्टात हे सांगितलं, तर सरकारी वकील दात काढत म्हणाला, "चोर काय सणवार पाळतो होय, बाई?" शहरातून आलेली ज्युरीही हसली. हसता हसता लेस्टरला दोषी ठरवलं मेल्यांनी, आणि जज्जाने तीस वर्षं ठोकली.

ओझेलीची सगळी भिस्त वरच्या कोर्टावर. पण तिथेही अपील फेटाळलं. निकाल घेऊन आमचा वकील प्रेजाँ तिच्या स्वयंपाकघरात बसला, मीही तिथेच होते.

"साक्षीदार खरा की खोटा, हे तोलणं आमच्या अधिकारात नाही, असं म्हणतात ते," तो म्हणाला. "फौजदारीत फक्त कायद्याचा मुद्दा बघायचा, असं आपल्या राज्याची घटनाच सांगते."

"मग माझ्या बांधाच्या वेळी?" ओझेलीने विचारलं. "पलीकडच्या खाचरातल्या मूटनने माझा बांध फोडला, मी दावा लावला, खालचं कोर्ट त्याच्या बाजूने गेलं. याच वरच्या कोर्टाने साक्षी पुन्हा वाचल्या, मूटन खोटारडा आहे म्हणाले आणि निकाल फिरवला."

"तो दिवाणी दावा होता, बाई. तिथे त्यांना खरंखोटं बघता येतं."

"म्हणजे चिखल कुणाचा, ते बघतील. माझा पोरगा कुठे होता, ते नाही बघणार."

"नाही बघणार."

मी त्या प्रेजाँला काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या बिचाऱ्याचा दोष नव्हता, तरी बोलले.

लेस्टर सुटेल तेव्हा साठीला टेकलेला असेल. ओझेली तोवर नसेल, आणि हे तिला ठाऊक आहे.