अंगठ्याला पडलेला वेढा

समस्त रसिकजनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, लीड्स मुक्कामी डाव्या पायाच्या एका अंगठ्याला शत्रूने वेढा घातला होता. अंगठा माझा. शत्रू, लोणच्याच्या फुटक्या बरणीची एक काच.

ती अंगठ्यात खालून घुसली आणि मला पत्ताच नाही! मधुमेहाने पायाच्या नसा कधीच्याच बधिर केल्या होत्या. बायको ओरडली, "अहो, ही लक्ष्मीची पावलं कुठून आली?" बघतो तर फरशीवर लाल ठसे, सगळे एकाच पायाचे.

चार दिवसांत अंगठा सुजून जांभळा झाला, आणि माझी रवानगी हॉस्पिटलच्या फूट क्लिनिकमध्ये झाली. तिथली पायांची तज्ज्ञ म्हणजे यॉर्कशरची एक ठणठणीत बाई. आल्यागेल्या प्रत्येकाला "लव्ह" म्हणायची. हातात नायलॉनचा बारीक धागा.

"डोळे मिट, लव्ह. स्पर्श जाणवला की हो म्हण."

मी हौशी नट, हार कसली मानतोय! अंदाजाने, ठेक्यात, भावनेसह "हो... हो..." म्हणत राहिलो.

"छान," ती म्हणाली. "धागा मघापासून माझ्या खिशात आहे."

बायको हसून खुर्चीतून पडायचीच बाकी होती. मग बाईंनी हसू आवरलं. "जंतू हाडात उतरले तर अंगठा काढावा लागेल. आणि साखर अशीच चढी राहिली तर मी इथे पट्टी बांधणार, तू तिकडे जंतूंना जेवायला घालणार. चालेल?"

नाही चालणार, म्हटलं. अँटिबायोटिक्स आली, इन्सुलिन वाढलं, अंगठ्यावर भार पडू नये म्हणून गुडघ्यापर्यंतचा बूट आला, चालणं जवळजवळ बंद झालं. दर मंगळवारी ती माझ्या पायाशी वाकून मेलेली कातडी खरवडायची, कागदी पट्टीने जखम मोजायची. मी किस्से सांगायचो, ती खळखळून हसायची. पण ब्लेड धरलेला हात तसूभर हलत नसे. असा हात मी दुसरा पाहिलेला नाही.

एका मंगळवारी जखम उलट वाढलेली निघाली.

"किती चाललास?"

"फारसा नाही."

तिने माझा बूट उचलून झिजलेला तळ मला दाखवला, बस्स. मी कबुली दिली: इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम. सेनापतीचं काम.

"मग बसून लढ," ती म्हणाली.

आणि लढलो! त्या प्रयोगात मराठी रंगभूमीवरचा बहुधा पहिलाच सेनापती खुर्चीत बसून किल्ला जिंकला.

चौदाव्या मंगळवारी ती बराच वेळ वाकून बघत राहिली. मोजपट्टी लावली, काढली, पुन्हा लावली. मोजायला काही उरलंच नव्हतं. तिने मान वर केली तेव्हा तिचे डोळे चमकत होते, आणि मी, हौशी नट, आभाराचं पाठ केलेलं वाक्य साफ विसरलो. तिने पडदा सर्रकन ओढला आणि पलीकडच्या सहकारिणीला हाक मारली,

"अगं, लवकर ये! अंगठा वाचला, आणि हा माणूस चक्क गप्प बसलाय!"